‘सावकारी पाश’ : एका हरवलेल्या मूकपटाची समीक्षा आणि त्याचा प्रेक्षक

बाबूराव पेंटर ह्यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली काढला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासावरील बहुतेक पुस्तकांतून ह्या चित्रपटासंबंधी तीन विधाने ठरल्याप्रमाणे आढळतात. आपल्या देशातील वास्तववादी सामाजिक चित्रपटाचा तो आरंभ होय, हे पहिले. जाणत्यांनी त्याची वाखाणणी केली, हे दुसरे. पौराणिक व ऐतिहासिक कथांवर पोसलेल्या सामान्य प्रेक्षकास तो मानवला नाही, म्हणून पेंटरांना पुन्हा मुकुट-तलवारींकडे वळावे लागले, हे तिसरे. ही विधाने एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात इतक्या सहजपणे उतरत आलेली आहेत की त्यांचा आधार कोणता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे; आणि तो धाराशिव जिल्ह्यातून विचारला जात आहे, ह्यासही कारण आहे. ज्या शेतकऱ्याची ही कथा, तो ह्या जिल्ह्यात सर्वत्र होता. ज्यास हा चित्रपट रुचला नाही असे सांगितले जाते तो प्रेक्षक मात्र ह्या जिल्ह्यातला असण्याचा संभव फार थोडा.

प्रथम चित्रपटाची ओळख. कथा नारायण हरि आपटे ह्यांची. त्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून पुढे १९३७ मध्ये प्रभातने ‘कुंकू’ काढला, हे वाचकांस ठाऊक असेलच. ‘सावकारी पाशा’तील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम ह्यांनी केली. झुंझारराव पवार, कमलादेवी, केशवराव धायबर ही मंडळीही त्यात होती. कथासूत्र थोडक्यात सांगता येते : निरक्षर शेतकरी सावकाराच्या जाळ्यात सापडतो, जमीन जाते, गाव सुटते आणि शेतकऱ्याचा गिरणीकामगार होतो. दिग्दर्शन व पटकथा पेंटरांची. १९२० साली ‘सैरंध्री’ने कंपनीचे नाव झाले होते आणि १९२३ च्या ‘सिंहगडा’ने ते दृढ झाले होते. ज्या कारखान्यात किल्ले, तोफा आणि कीचकवध उभे केले जात, त्याच कारखान्यात गहाण पडलेल्या शेताची कथा उभी करण्याचे धाडस पेंटरांनी केले. एवढ्यापुरती इतिहासकारांची प्रशंसा योग्यच आहे.

परंतु ह्या मूकपटाची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे वाचले. १९२७ च्या ‘मुरलीवाल्या’चा काही भाग पाहावयास मिळतो, तोही सुदैवाने. त्या काळची नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही; शिवाय जुन्या प्रतींतून चांदी काढून घेण्याचा धंदा सर्वत्र चालत असे. तेव्हा ‘सावकारी पाशा’विषयी आज जे काही लिहिले जाते ते चित्रपट पाहून लिहिलेले नव्हे, ते आठवणींवर लिहिलेले आहे, आणि आठवणींचा स्वभाव विचारात घेतल्याशिवाय त्यांवर इमारत उभारणे धोक्याचे असते.

ह्याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. ह्या चित्रपटाच्या वास्तवतेचा पुरावा म्हणून एक दृश्य वारंवार सांगितले जाते : अंधुक प्रकाशात लांबून दिसणारी एक उदास झोपडी, आणि त्या शांततेत कुत्र्याचे विव्हळणे. हे वर्णन मुळात वाडिया मूव्हीटोनचे संस्थापक जे. बी. एच. वाडिया ह्यांच्या आठवणीतले. वाडिया स्वतः मात्र स्वच्छ सांगतात की मूकपट त्यांना पुसट आठवतो, आणि पेंटर हे केवढे कलावंत होते ह्याची जाणीव त्यांना बोलपट पाहिल्यावर झाली. पेंटरांनी हीच कथा १९३६ मध्ये शालिनी सिनेटोनसाठी बोलपटरूपाने पुन्हा काढली होती. वाडियांच्या वर्णनातील कुत्र्याचे विव्हळणे हा ध्वनी आहे, आणि ध्वनी १९२५ च्या चित्रपटात असणे शक्य नव्हते. तरीही उत्तरकालीन लेखकांनी ते दृश्य उचलून १९२५ च्या खात्यावर मांडले. म्हणजे ज्या दृश्यावर ‘पहिल्या वास्तववादी मूकपटा’ची कीर्ती बऱ्याच अंशी उभी आहे, ते दृश्य अकरा वर्षांनंतरच्या बोलपटाचे आहे. ह्यात वाडियांचा काही दोष नाही. त्यांनी फरक केला होता. तो पुसला तो नंतरच्या उद्धरणकारांनी.

‘वास्तववाद’ हा शब्दही असाच मागाहून आलेला आहे. १९५३ मध्ये ‘दो बिघा जमीन’ आला, १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’तील सुखीलाला सावकार घरोघरी ओळखीचा झाला, त्यानंतर समीक्षकांना ह्या चित्रपटांचा पूर्वज हवा होता, आणि जमीन जाऊन शहरात मजूर झालेला शांतारामांचा शेतकरी त्या जागी चपखल बसला. वंशावळी बहुधा अशाच, खालून वर, रचल्या जातात. पण कथेचा सांगाडा पाहिला तर तो शुद्ध मेलोड्रामाचा आहे : एक निष्पाप, एक दुष्ट, मधे एक कागद, आणि घरादाराचा वियोग. (मेलोड्रामाला मराठीत अजून समाधानकारक शब्द मिळालेला नाही. ‘अतिनाट्य’ म्हटले की शब्दातच निंदा येते, आणि ‘भावनाट्य’ म्हटले की नुसताच भाव उरतो. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.) सांगाडा मेलोड्रामाचा असणे हे काही न्यून नव्हे. खुद्द अमेरिकेत त्या काळातील उत्तमोत्तम मूकपट ह्याच जातीचे होते आणि त्यांच्या वाट्याला आलेली समीक्षा आपल्या ह्या प्रश्नावर बराच प्रकाश टाकते.

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्यांचा ‘वे डाउन ईस्ट’ १९२० सालचा. लॉटी ब्लेअर पार्कर ह्यांच्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे हक्क ग्रिफिथांनी १,७५,००० डॉलर देऊन घेतले, तेव्हा जाणकारांनी त्यांची थट्टाच केली. खोट्या लग्नाने फसलेली गरीब मुलगी, मेलेले तान्हे मूल, बर्फाच्या वादळात घराबाहेर घालविणे, हे सर्व त्या वेळीही शिळे झाले होते. परंतु प्रेक्षक लोटले. फुटत्या बर्फाच्या लादीवर निश्चेष्ट पडून धबधब्याकडे वाहत जाणारी लिलियन गिश पाहून लोकांनी श्वास रोखले आणि तिजोरी भरली. येथे समीक्षक कथेला नाके मुरडतात आणि प्रेक्षक स्वीकारतात. उलट एरिक फॉन स्ट्रोहाइम ह्यांचा ‘ग्रीड’ पाहा. फ्रँक नॉरिस ह्यांच्या १८९९ च्या ‘मॅक्टीग’ ह्या कादंबरीवरील हा चित्रपट डिसेंबर १९२४ मध्ये, म्हणजे ‘सावकारी पाशा’च्या अगदी उंबरठ्यावर, प्रदर्शित झाला. पैशाच्या लोभाने माणसाचे काय होते, हा त्याचाही विषय. चाळीसहून अधिक रिळांचा चित्रपट कंपनीने कापून दहा रिळांवर आणला. त्या रूपातही तो चालला नाही, आणि समीक्षकांतही दुफळी झाली. पुढे १९५२ मध्ये जगातील समीक्षकांनी निवडलेल्या पहिल्या दहा चित्रपटांत त्याला स्थान मिळाले. ह्याच नॉरिसच्या लेखनावरून ग्रिफिथांनी १९०९ मध्येच ‘अ कॉर्नर इन व्हीट’ हा लहानसा चित्रपट काढला होता. त्यात शेतात बी फेकणारा शेतकरी, धान्याचा सट्टा करणारा धनिक आणि महागलेल्या पावासाठी ओळीत उभे राहिलेले लोक शेजारी शेजारी ठेवले आहेत. विषयाचे गांभीर्य पाहता ‘सावकारी पाशा’चा खरा सोयरा हा होय.

ह्या तुलनेतून निष्पन्न होते ते असे की प्रेक्षकांनी पाठ फिरविणे हा प्रेक्षकांच्या अपक्वतेचा पुरावा ठरत नाही. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने ‘ग्रीड’ नाकारला म्हणून तो पुराणकथांवर पोसलेला होता असे कोणी म्हणत नाही. कंपनीने काय कापले, कोठे व कसे दाखविले, हे प्रश्न विचारले जातात. कोल्हापूरच्या चित्रपटाला मात्र हा न्याय लावला जात नाही. येथे दोष एकदम प्रेक्षकाच्या संस्कारांवर जातो.

तो प्रेक्षक होता तरी कोण? त्या काळच्या प्रेक्षकवर्गाची सर्वांत विस्तृत चौकशी १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियर ह्यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट-चौकशी समितीने केली. समितीने ३५३ साक्षीदार तपासले. पडद्यावर बहुसंख्य चित्रपट अमेरिकन असत, आणि डग्लस फेअरबँक्सचा १९२४ सालचा ‘थीफ ऑफ बगदाद’ हा ह्या देशात अत्यंत लोकप्रिय ठरला होता, असे तिला आढळले. म्हणजे ‘सावकारी पाशा’ची स्पर्धा केवळ कृष्णलीलांशी नव्हती, उडत्या गालिच्याशीही होती. शिवाय चित्रपटगृहे शहरांतून आणि मोठ्या पेठांच्या गावांतून. फिरते सिनेमे जत्रा-यात्रांतून जात हे खरे, पण ज्या चित्रपटाने हमखास पैसा जमेल तोच ते तंबूत नेणार. ह्याचा अर्थ असा की ज्याच्या शेतावर खरोखर खत झाले होते तो माणूस ह्या चित्रपटाच्या प्रेक्षकांत क्वचितच असावा. जो प्रेक्षक होता तो शहरातला, तिकिटापुरते पैसे हाती असलेला. अशा प्रेक्षकाने दिवसभराच्या श्रमानंतर गालिचा पसंत केला असेल तर त्यात नवल ते काय? परंतु त्यावरून ‘भारतीय जनता वास्तवाला तयार नव्हती’ असा निकाल देणे म्हणजे शेतकऱ्याची साक्ष न घेताच त्याच्यावर डिक्री करण्यासारखे आहे. अशा डिक्र्यांचा अनुभव त्याला पुष्कळ होता.

आणखी एक गोष्ट. पेंटरांनी हीच कथा १९३६ मध्ये पुन्हा घेतली. चित्रपट हा खर्चाचा धंदा; सर्वस्वी फसलेली वस्तू कोणी अकरा वर्षांनी दुसऱ्या संस्थेच्या भांडवलावर पुन्हा करू धजत नाही. कथेत लोकांना धरून ठेवण्याचे सामर्थ्य आहे असा पेंटरांचा आणि निर्मात्यांचा विश्वास असल्याखेरीज हे घडले नसते. ‘अपयशा’च्या रूढ कथेत ह्या पुनर्निर्मितीला बहुधा केवळ एक तारीख म्हणून स्थान मिळते.

आता धाराशिवकडे वळू. १९२५ साली हा जिल्हा उस्मानाबाद ह्या नावाने हैदराबाद संस्थानात होता. कागदोपत्री साल फसली १३३४-३५. लातूर तेव्हा ह्याच जिल्ह्यात होते. ते १९८२ मध्ये स्वतंत्र झाले, आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले ते २०२३ मध्ये. पश्चिमेस सोलापूर जिल्हा म्हणजे मुंबई इलाखा. ही सीमा नकाशावर दिसते त्याहून शेतकऱ्याच्या जीवनात अधिक खोल होती. १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार मिळाला. बार्शीकडच्या शेतकऱ्याला हा आधार होता. काही कोसांवरच्या परंड्याच्या शेतकऱ्याला नव्हता, कारण तो दुसऱ्या राज्यात राहत होता. खुद्द कोल्हापूर हेही संस्थानच, तेव्हा पेंटरांच्या भोवतालच्या शेतकऱ्यालाही तो कायदा आपोआप मिळणारा नव्हता. हा चित्रपट संस्थानी मुलखात निर्माण झाला, ह्या गोष्टीकडे समीक्षकांचे लक्ष गेलेले नाही. हैदराबादेत जमिनींच्या हस्तांतरावर आणि सावकारीवर नियंत्रण घालणारे कायदे आले ते १९३० नंतरच्या दशकात.

चित्रपटातील शेवटचा टप्पा, शेतकऱ्याचा गिरणीकामगार होणे, हा तर ह्या जिल्ह्याचा परिपाठच होता. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, ‘जुनी गिरणी’ ह्या नावाने ती पुढे ओळखली गेली, आणि शतक संपण्यापूर्वी तिच्या जोडीला दुसऱ्या उभ्या राहिल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी भोवतालची गावे ओस पडू लागली. नळदुर्ग-तुळजापूरकडच्या माणसाला सोलापूर पायी गाठता येत असे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आला होता; तो तडवळे-येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र त्याने बाजूला टाकले. ह्याच गाडीने कापूस बाहेर जाई आणि कापसामागून, जमीन गेली की, माणूसही जाई. तेव्हा शांतारामांच्या त्या शेतकऱ्याला पडद्यावर पाहून जर कोणाला आपली स्वतःची गोष्ट ओळखू आली असेल, तर ती सोलापूरच्या चाळीतील कामगाराला. चित्रपट-चौकशीच्या साक्षीदारांत व्यापारी, अधिकारी, संपादक आणि चित्रपटगृहांचे मालक दिसतात. समीक्षेचा इतिहास त्यांच्याच शब्दांवर रचला गेला.

चित्रपटाविषयी संस्थानी सरकारची दृष्टी कशी असे, ह्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. धीरेन्द्रनाथ गांगुली ह्यांनी १९२२ मध्ये हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली. ‘रझिया बेगम’ हा चित्रपट तेथे दाखविल्यावरून १९२४ च्या सुमारास त्यांना संस्थान सोडून जावे लागले. ज्या राज्यात प्राचीन सुलतानेची प्रेमकथा खपली नाही, तेथे कर्ज आणि जप्ती ह्यांवरील चित्रपट तंबूवाल्याने आपण होऊन नेला असता, असे मानणे कठीण आहे.

मूकपटाच्या बाबतीत भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट विशेष जाणवते. ‘मूकपट’ हा शब्द बोलपट आल्यानंतरचा. १९३१ पूर्वी त्याला मूक म्हणण्याचे कारणच नव्हते. सगळेच तसे होते. आणि तो खरोखर मूकही नव्हता. पडद्यावर मधूनमधून पाट्या येत, बहुधा एकाहून अधिक भाषांत, आणि निरक्षर प्रेक्षकांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखविणारा माणूस पुष्कळ ठिकाणी असे. ‘सावकारी पाशा’सारख्या चित्रपटात ह्या व्यवस्थेला एक विलक्षण धार येते : पडद्यावरचा निरक्षर शेतकरी कागद न वाचता येण्यामुळे बुडतो आहे, आणि खाली बसलेला निरक्षर प्रेक्षक त्याची कथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो आहे. शिवाय पडद्यावरच्या शेतकऱ्याला बोली नसते. त्याच्या तोंडी कोल्हापुरी येत नाही, तसेच बालाघाटावरची बोलीही येत नाही. त्यामुळे तो कोणत्याही जिल्ह्याचा होऊ शकतो. १९३६ मध्ये त्याला वाचा फुटली आणि तो एका प्रांताचा झाला. ह्या दृष्टीने पाहता मूकपट अधिक सार्वत्रिक होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

धाराशिवच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तर दुहेरी निरक्षरता आली होती. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून सरकारी भाषा उर्दू, तत्पूर्वी फारसी. घरात मराठी, सावकाराच्या वहीत मोडी, कचेरीत उर्दू. कर्ज, रोखा, मुदत, वसूल, जप्ती, फिर्याद ह्या शब्दांची यादी केली तर व्यवहारातील जवळजवळ प्रत्येक धमकीचा शब्द अरबी-फारसीतून आलेला दिसतो. ‘गहाण’ आणि ‘व्याज’ एवढेच काय ते घरचे. ते शब्द त्याने इतके आत्मसात केले होते की परके वाटत नव्हते; पण त्या शब्दांनी लिहिलेला कागद मात्र त्याला परकाच राहिला.

चित्रपटाच्या नावातील ‘सावकार’ हा शब्द मात्र पूर्ण आपला. संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’, त्यावरून ‘साव’. चोर आणि साव अशी जोडी मराठीत आजही आहे. साव म्हणजे सचोटीचा. ज्याच्या व्यवसायाचे नाव प्रामाणिकपणावरून पडले, त्याच्या नावापुढे ‘पाश’ हा शब्द जोडण्याची वेळ यावी, एवढ्यात दख्खनच्या कर्जबाजारीपणाचा इतिहास सामावला आहे. पाश हे यमाचे आणि वरुणाचे आयुध. शैवांच्या परिभाषेत ज्याला पाश तो पशू. आपल्या परंपरेने हे दोन शब्द जोडले, तर लॅटिनने गुरांच्या नावावरून पैशाचे नाव केले. ‘पेकुनिया’ आणि ‘पशु’ ह्यांचे मूळ एकच. आपट्यांना किंवा पेंटरांना हे सर्व अभिप्रेत होते असे नव्हे. शब्द स्वतःच पुष्कळ बोलून जातात.

इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी चित्रपटाला ‘द इंडियन शायलॉक’ असेही नाव होते. हे नाव आकर्षक असले तरी मराठी नावाशी त्याचे जमत नाही. शेक्सपिअरच्या नाटकात ऋणकोला वाचविते ते न्यायालय. खताचा अक्षरशः अर्थ लावून पोर्शिया सावकारालाच कोंडीत पकडते. दख्खनमध्ये खताचा अक्षरशः अर्थ लावणारे न्यायालय सावकाराच्या बाजूला पडे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत बदलून व्याज मुद्दलात घालून नवे लिहून घेई आणि त्यावर निर्वेधपणे डिक्री मिळवी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला, त्या वेळी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून मुख्यतः मागितली ती खते आणि हुकूमनामे. आणि हाती आली ती जाळून टाकली.